एकशे बेचाळीस पावलं

शिक्केवाल्या बाईंचं दुकान आणि माझं बूटदुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही फळ्यांची. गेली बावीस वर्षं माझी हातोडी त्या ऐकतात आणि त्यांचं गिऱ्हाइकांवर डाफरणं मी ऐकतो. यात जास्त सोसलं कोणी, हा वाद अजून मिटलेला नाही.

बाई रबराचे शिक्के कोरतात. 'मिळाले', 'मंजूर', 'खरी प्रत', 'रद्द', शाळांचे गोल शिक्के, डॉक्टरांची लांबलचक नावं. मशीनवर दहा मिनिटांत शिक्का काढून देणारी दोन दुकानं याच रस्त्यावर झाली, तरी बाईंची कोरणी थांबलेली नाही. शिक्क्यावर अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठे ते कागदावर सुलटं उमटतं. चाळीस वर्षं हेच केल्यामुळे बाई समोरच्याच्या हातातला कागद पलीकडून वाचून मोकळ्या होतात आणि वर त्यातली चूकही काढतात. एकदा एका वकिलाने शिक्क्यातलं एक अक्षर तिरपं आल्याची तक्रार केली. बाईंनी त्याच्यादेखत शिक्क्याचे दोन तुकडे केले आणि म्हणाल्या, "उद्या या." दुसऱ्या दिवशी नवा दिला. अक्षर तसंच तिरपं, कारण त्याने आणून दिलेल्या नमुन्यातच ते तिरपं होतं. वकील मुकाट्याने घेऊन गेला.

रविवारी मात्र दुकान बंद. बाई पाठीला पिशवी लावून किनाऱ्याच्या वाटेला लागायच्या.

गावाबाहेरून ही पायवाट निघते ती कड्यांवरून, गवताळ माळांवरून, दोन खाड्यांना वळसा घालून अठ्ठावीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात उतरते. एका बाजूला कायम समुद्र. लांबलांबून लोक ती चालायला येतात. या वाटेवर बाईंनी सात डबे लपवलेत. घट्ट झाकणाचा, पाणी न शिरणारा डबा. आत एक वही, एक शिक्का आणि शाईची गादी. डबा कुठे आहे ते कोणी कोणाला सांगत नाही. खुणांचा कागद तेवढा बाईंच्या दुकानात मिळतो. 'तिसऱ्या फाटकातून समुद्राला पाठ करून साठ पावलं, वाकलेल्या झाडाच्या दुसऱ्या मुळाखाली' असं काहीबाही त्यावर असतं. चालणाऱ्याने डबा हुडकायचा, त्यातला शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपल्याजवळचा स्वतःचा शिक्का डब्यातल्या वहीत उठवायचा, आणि डबा होता तसा ठेवून पुढे जायचं. हाती काय लागतं? एक खेकडा, नाहीतर एक होडी. बोटाच्या पेराएवढं शाईचं चित्र. त्यासाठी चांगली मोठमोठी माणसं गुडघे सोलून घेतात. मला विचाराल तर निव्वळ रिकामपणचे उद्योग. पण त्यात त्यांचे बूट फाटतात आणि ते माझ्याकडे येतात, म्हणून मी तोंड उघडत नाही.

बाईंच्या टेबलामागे तीन नियम लावलेत. जागा कोणाला सांगू नये. वहीचं पान फाडू नये. डबा जागचा हलवू नये. तिसऱ्याखाली दोन रेघा आहेत. एका भल्या माणसाने पावसाचं पाणी लागू नये म्हणून एक डबा हातभर आत सरकवला आणि कौतुकाच्या आशेने बाईंना येऊन सांगितलं. बाईंनी त्याच्या हातातला खुणांचा कागद काढून घेतला. "तुमच्यामागून येणाऱ्याने काय करायचं? तुमच्या घरी येऊन विचारायचं?" तो माणूस पुन्हा या रस्त्याने गेला नाही, त्याचे शिवायला टाकलेले बूट तीन महिने माझ्याकडे पडून होते.

आता पावलांचं सांगतो. मान खाली घालून काम करणाऱ्याला माणसं पायांवरून ओळखू येतात. बाईंच्या रोजच्या बुटांच्या टाचांना लोखंडी नाल आहेत, मीच ठोकलेले. त्या राहतात मागच्या गल्लीत. सकाळी नऊला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी त्या वळल्या की टक, टक सुरू होतं, आणि बावीस पावलांनंतर माझ्या दारात "उठलात वाटतं!" असं ऐकू येतं. मी सातपासून दुकानात असतो, हे त्यांना पुरतं माहीत आहे. बावीस वर्षं रोज तीच पावलं ऐकली की मोजायची नाहीत म्हटलं तरी मोजली जातात.

यंदा थंडीत बाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सांधाच बदलला. चार महिने रविवारची वाट बंद. दुकानात मात्र तिसऱ्या आठवड्यात हजर, काठी टेबलाला टेकवून, आणि गिऱ्हाइकांचे हाल पहिल्यापेक्षा जास्त. अखेर डॉक्टरांनी थोडं चालायला हरकत नाही म्हटलं, तेव्हा पहिल्याच रविवारी त्या एकट्या बसने वाटेवर जाऊन आल्या.

सोमवारी भिंतीपलीकडून काहीच आवाज आला नाही. कोरणीचा नाही आणि डाफरण्याचाही नाही. दुपारी बाई स्वतः माझ्या दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या.

"बूटवाले, ताईने डबा उचलून नेला."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, ती मला माहीत होती. पण तिचा आणि डब्याचा काय संबंध ते कळेना. आणि ताई तर मला माहीत असायलाच हवी होती, कारण या दोघी बहिणींमध्ये जे झालं त्यात माझा हात आहे. ते आधी सांगून टाकतो.

बारा वर्षांपूर्वी बाईंची आई वाटेच्या त्या टोकाच्या गावात थोरलीकडे होती आणि आजारी होती. एका बुधवारी थोरलीचा फोन आला, लगेच ये. बाईंच्या टेबलावर परीक्षेच्या कामाचे दोनशे शिक्के होते आणि शनिवारी द्यायचे होते. त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय करू?" मी तोंडातले खिळेसुद्धा न काढता म्हणालो, "आधी काम उरका. आई काय पळून जातेय?" शुक्रवारी आई गेली. बाई पोचल्या तेव्हा घरात नातेवाईक जमले होते. त्या सगळ्यांसमोर थोरली म्हणाली, "आलीस? झाले का शिक्के?" बाई उलट पावली परत आल्या. त्या दिवसापासून फोन नाही, पत्र नाही, लग्नकार्यात एकमेकींकडे बघणं नाही. आणि माझं ते वाक्य बाईंनी बारा वर्षांत एकदाही मला ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

स्टुलावर बसून त्यांनी आठव्या डब्याचं सांगितलं. खुणांच्या कागदावर सात आहेत. आठवा फक्त दोघींचा. वाटेच्या साधारण मध्यावर एक लांबच लांब गडगा आहे. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड रचलेली कमरेएवढी भिंत. लहानपणी वडील दोघींना तिथवर चालवत नेत. गडग्यातला एक दगड सैल होता, त्यामागे दोघी शिंपले, मणी, काय काय लपवत. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी बाईंनी त्याच दगडामागे एक डबा ठेवला. आत वही, आणि पहिल्या पानावर आपला मुंगीचा शिक्का. मुंगी म्हणजे बाई स्वतः, लहानपणापासून घाईच्या. कळवलं कोणाला नाही. "सापडला तर सापडला, म्हटलं."

"मग?"

"पुढच्या वर्षी गेले तर पानावर गोगलगाय."

गोगलगाय म्हणजे थोरली. चालण्यात तिच्यामागे सगळ्यांना थांबावं लागायचं, म्हणून शाळेत असताना बाईंनीच तिला तो शिक्का कोरून दिला होता. तो तिने जपून ठेवला होता, हेच बाईंना त्या दिवशी कळलं. तेव्हापासून थोरली दर वर्षी आईच्या वाढदिवसाच्या आठवड्यात तिच्या टोकाकडून यायची आणि गोगलगाय उठवून जायची. बाई तीन आठवडे थांबून जायच्या, मुद्दाम, गाठ पडू नये म्हणून. पानावर एक तारीख आणि एक गोगलगाय, खाली एक तारीख आणि एक मुंगी. शब्द एक नाही. दहा वर्षांच्या दहा गोगलगायी.

"तेवढंच होतं आमच्यात," बाई म्हणाल्या. "आणि तेही तिने उचलून नेलं. ती जागा दुसऱ्या कोणाला माहीतच नाही."

"जागा चुकली नाही ना?"

"फाटकापासून एकशे बेचाळीस पावलं. मी झोपेत चालेन. सैल दगड काढला, मागे डब्याएवढा खळगा. रिकामा. आजूबाजूचेही दगड हलवून बघितले."

"काहीतरी खूण असेल की तिथे. झाड, झुडूप."

"खूण ठेवली की चोराला वाट सापडते. काही खूण नाही. सगळीकडे सारखं गवत, सारखे दगड. म्हणूनच तर ती जागा." असं म्हणून त्या उठल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि ते मला दिसले म्हणून त्या माझ्यावरच चिडल्या. "काय बघताय? ठोका तुमचे खिळे."

मंगळवारी सकाळी भिंतीपलीकडून एकदाच आवाज आला. शिक्का जोरात आपटल्याचा. थोड्या वेळाने बाईंनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. "जिना चढून टपालात जाणं मला जमत नाही. एवढं टाकून या." वर थोरलीचा पत्ता.

पाकीट पातळ होतं. मी ते खिडकीकडे धरलं; सभ्य माणसं धरत नाहीत, मी धरलं. आत एक कोरं कार्ड, त्यावर बरोबर मध्ये एकच शिक्का. माझ्याकडे मागची बाजू होती म्हणून वाचायला वेळ लागला. 'रद्द'.

टपालघर माझ्या दुकानापासून चौथं दार. मी तिथपर्यंत गेलोही. पेटीच्या तोंडापाशी हात नेला आणि ते बुधवारचं वाक्य आठवलं. एकदा मी न विचार करता या दोघींच्या मध्ये बोललो होतो. आता न विचार करता हात पुढे करणं माझ्याच्याने होईना. पाकीट खिशात घालून परत आलो आणि खिळ्यांच्या खणात टाकून दिलं. संध्याकाळी बाईंनी विचारलं, "टाकलंत?" मी म्हणालो, "टाकलं." खणात टाकलं, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं, पण मला त्यात फुशारकी मारायची नाही.

शुक्रवारी सकाळी मी एका बुटाचा तळवा शिवत होतो. कोपऱ्यावर टक, टक सुरू झालं. बावीस झाली, मी सवयीने "उठलो, उठलो" म्हणालो, आणि दारात कोणीच नाही. मान वर केली तर बाई अजून शिंप्याच्या दुकानासमोर. त्यानंतर आणखी सात पावलं टाकून त्या दारात आल्या. ऑपरेशननंतर हे रोज घडत होतं आणि माझ्या कानांना ते चुकल्याचुकल्यासारखं वाटतही होतं. पण काठीचा आवाज मध्ये येतो म्हणून मी मोजणं सोडलं होतं. त्या दिवशी काठी घरी राहिली होती.

पुढचा तासभर माझ्या हातून काम झालं नाही. एका जुन्या कातड्याच्या तुकड्यावर खडूने हिशेब मांडला. शाळेत त्रैराशिकाने मला रडवलं होतं, इथे मात्र मी तीन वेळा केलं आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. मग भिंतीवर ठोकलं.

"बाई, जरा बाहेर या."

"का? आग लागलीय?"

"औषधाच्या दुकानापासून माझ्या दारापर्यंत चालून दाखवा. मोठ्याने मोजत."

"मला चालायला शिकवताय? बूटच शिवता ना तुम्ही?"

पण आल्या. कोपऱ्यावर गेल्या, वळल्या आणि मोजत निघाल्या. शिंपी कात्री हातात घेऊन बघायला बाहेर आला. बाई माझ्या दारात पोचल्या तेव्हा तोंडातून "एकोणतीस" निघालं.

"बावीस वर्षं हे अंतर बावीस पावलं होतं," मी म्हणालो. "ऑपरेशननंतर तुमचं पाऊल आखडलंय. एकशे बेचाळीस पावलांत तुम्ही त्या दगडापर्यंत पोचलाच नाहीत. अलीकडेच कुठेतरी थांबलात. तसल्या भिंतीत सैल दगडांना काय तोटा? आता तिथे एकशे सत्त्याऐंशी पावलं लागतील."

बाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "लहानपणी दोनशे दहा होती. डबा ठेवायला गेले तेव्हा नव्याने मोजली, एकशे बेचाळीस भरली. किती मोठ्या झालो आपण, असं वाटलं होतं." आणि एकदम माझ्याकडे वळून, "ते पाकीट पोचलं असेल हो."

तेव्हाच खण उघडून द्यायला हवं होतं. पण मनात आलं, हिशेब माझा आहे. तो चुकला, डबा खरंच नसला, तर? तर बाईंचं कार्ड बरोबर ठरेल आणि मी न टाकल्याबद्दल शिव्या खाईन. खरं सांगायचं तर मी घाबरलो. म्हणालो, "रविवारी बघून तर येऊ."

असा मी आयुष्यात पहिल्यांदा त्या वाटेवर गेलो. बसने मधल्या थांब्यापर्यंत, तिथून चालत. माझे बूट मीच शिवलेले, तरी पहिल्या चढालाच चावायला लागले. वारा असा की टोपी हातात धरून चालावं लागत होतं. बाई पुढे. दर थोड्या वेळाने थांबायच्या; मला वाटलं गुडघ्यासाठी, पण त्या बोलत होत्या. "बुधवारी मिळालं असेल तिला. नाहीतर गुरुवारी. तिने उघडून बघितलं असेल." नंतर, "तिला वाटेल, ऑपरेशन झालं आणि हिचं डोकं फिरलं." एकदा नुसतंच, "काय केलं मी हे." माझ्या खिशात ते पाकीट होतं आणि मी समुद्राकडे बघत होतो.

फाटक आलं. गडगा खरोखरच न संपणारा होता, आणि दगडासारखा दगड. बाईंनी फाटकाला पाठ लावली आणि मोजत निघाल्या. एकशे बेचाळीसला त्यांनी काढून ठेवलेला दगड गवतात पडला होता, मागचा खळगा रिकामा. त्या थांबल्या नाहीत. एकशे ऐंशीच्या पुढे आवाज बारीक झाला. एकशे सत्त्याऐंशीला त्या वाकल्या, खालून तिसऱ्या रांगेतला दगड ओढला. तो हलला नाही. शेजारचा ओढला, तोही नाही.

बाई गवतात बसल्या. "राहू द्या," म्हणाल्या. "तुमचं गणित बरोबर असेल. तिनेच नेला."

मला राग आला, स्वतःचाच. रस्त्यावरची पावलं आणि गवतातली पावलं सारखी कशी असतील, एवढं बूट शिवणाऱ्याला कळायला नको? फरसबंदीवर माणूस नवा गुडघाही बिनधास्त टाकतो, चढउताराच्या गवतात मात्र आणखीच जपून टाकतो. जागा आणखी पुढे असणार. मी गुडघ्यांवर बसलो आणि एकेक दगड हलवत सरकायला लागलो. पँटचे दोन्ही गुडघे हिरवे झाले. सहा हातांवर एक दगड डुगडुगला. ओढला तर सुखासुखी बाहेर आला. आत एक हिरव्या झाकणाचा डबा.

मी हात लावला नाही. "बाई," एवढंच म्हणालो.

त्या उठून आल्या. झाकण उघडायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. वही काढली, पानं उलटली. गोगलगाय, मुंगी, गोगलगाय, मुंगी. शेवटच्या पानावर यंदाची गोगलगाय, तारीख चार आठवड्यांपूर्वीची. आणि तिच्याखाली, अकरा वर्षांत पहिल्यांदा, अक्षरं. बाईंनी ती वाचली आणि वही माझ्याकडे केली. थोरलीचं अक्षर बारीक, जपून काढलेलं:

'गुडघ्याचं कळलं. इतक्या लांब चालून येऊ नकोस. डबा फाटकाजवळ आणून ठेवणार होते, पण जागचा हलवलेला तुला चालत नाही.'

बाई रडल्या. आवाज करून, लहान मुलीसारख्या रडल्या. वाटेने दोन चालणारे येत होते, ते बिचारे आमच्याकडे न बघता भराभर निघून गेले. मला काय करावं सुचेना. मग सुचलं. खिशातून पाकीट काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

बाईंनी पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चिकटवलेली कड तशीच होती.

"टाकलंत म्हणाला होतात."

"खणात टाकलं होतं."

"खोटारडे आहात तुम्ही."

"आहे. त्या वेळी आई पळून जात नाही म्हणालो, तेही खोटंच निघालं. मला त्याचं फार वाईट वाटतं, बाई. बारा वर्षं वाटतंय."

त्या काही वेळ डोळे पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून मी थांबले नव्हते. मला थांबायचं होतं म्हणून तुम्हाला विचारायला आले होते." आणि पाकीट माझ्या हातातच राहू दिलं.

त्यांनी पिशवीतून मुंगीचा शिक्का काढला, गादीवर दाबला, गोगलगायीखाली उठवला आणि तारीख घातली. पेन हातात धरून बसल्या. काही लिहिलं नाही. वही डब्यात ठेवली, झाकण लावलं, आणि मी दगड परत बसवायला पुढे झालो तर डबा त्यांच्या पिशवीत.

"बाई, नियम."

"नियम कोणी केला?"

"तुम्ही."

"मग? तिकडच्या गावाची बस किती वाजता आहे?"

बस एक वाजून दहा मिनिटांनी होती. थांब्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो, त्यांना खिडकीजवळ बसवलं आणि रस्ता ओलांडून आमच्या गावाच्या बसची वाट बघत उभा राहिलो. पाय इतके दुखत होते की दुसऱ्या दिवशी दुकान दहाला उघडलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढचे आठ दिवस शिक्क्यांचं दुकान बंद. आलेल्या प्रत्येकाला उत्तर मी द्यायचं. कधी येणार? माहीत नाही. कुठे गेल्या? बहिणीकडे. "त्यांना बहीण आहे?" असं तिघांनी विचारलं. ते 'रद्द'चं कार्ड चांगलं जाड होतं. त्याचा मी एका बुटाच्या आतल्या तळव्यासाठी नमुना कापला.

नवव्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर टक, टक सुरू झालं. पण नेहमीसारखं नाही. चार पावलं पडायची आणि थांबायची. पुन्हा चार, पुन्हा थांबायची. मोजणी कुठल्या कुठे गेली. मी मान वर केली नाही, हातातला दोरा ओढत बसलो. अखेर माझ्या दारात सावल्या आल्या, दोन.

"उठलात वाटतं," बाई म्हणाल्या. त्यांच्यामागे पांढऱ्या केसांची, त्यांच्याहून ठेंगणी एक बाई दम खात उभी होती आणि माझ्या हिरव्या डाग पडलेल्या पँटकडे बघून हसत होती. बाईंनी तिला स्टुलावर बसवलं, स्वतः वाकून तिच्या पायातले बूट काढले आणि माझ्या पुढ्यात ठेवले. साधे, मऊ तळव्याचे, आवाज न करणारे बूट.

"हिच्या टाचांना नाल ठोका," बाई म्हणाल्या. "मागे राहते, आणि येतेय की नाही ते मला कळत नाही."

मी नाल काढायला खण उघडला.